हायपोच्या बाटलीची गाठ

९ ऑक्टोबर १९७२

ह्यांचं काहीतरी चाललंय.

जानेवारीत नगरच्या मालवाल्याने ही डायरी दिली होती, ती आजवर कोरीच होती. आमच्यासारख्या बायकांनी डायरीत लिहायचं तरी काय, दुधात आज किती पाणी होतं ते? पण हे कुणाशी बोलायची सोय नाही. घोडेगावात सकाळी एका ओसरीवर बोललेलं दुपारी बाजारतळावर ऐकू येतं. तेव्हा इथेच लिहिते.

हे पूर्वी महिन्यातून एकदा नगरला जायचे, फोटोचा कागद आणि औषधं आणायला. आषाढापासून दर आठवड्याला जातात. माल मात्र पूर्वीइतकाच येतो. विचारलं तर म्हणतात, दुकानात नव्हता. एवढ्या मोठ्या नगर शहरात कागद नाही आणि ह्यांच्या पिशवीत मात्र बायकी रुमाल. माझा नव्हे. बारीक निळी वेल काढलेला आहे, धुऊन, घडी घालून ठेवलेला.

मी संशयी आहे असं सगळे म्हणतात. आई म्हणायची, वन्सं म्हणायच्या. पण दूधवाला पाणी घालतो हे मी म्हणाले तेव्हाही सगळे हसलेच होते, आणि मग तो सापडला.

मला ह्यांच्यापेक्षाही स्टुडिओची धास्ती जास्त वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. 'विष्णु फोटो स्टुडिओ' ही पाटी मामंजींच्या नावाची. ते शाळामास्तर, हौसेने स्टँडचा कॅमेरा घेतलेला. त्यांच्यामागे ह्यांनी धंदा केला. मी लग्न होऊन आले तेव्हा शेतकऱ्यांच्या बायका फोटोला यायच्या, पण परक्या पुरुषासमोर मान वर करायच्या नाहीत, सगळ्या फोटोत नुसते पदर. म्हणून ह्यांनी मला काळ्या फडक्याखाली उभं केलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. तेव्हापासून लग्नाच्या मुली, बाळंतिणी, सासवासुना, सगळ्यांना 'फोटोवाल्या बाई'च लागतात. मूलबाळ आम्हाला नाही. माझं म्हणावं असं ह्या जगात त्या काळ्या फडक्याखालची जागा तेवढी आहे. उद्या तिथे दुसरी कुणी येऊन उभी राहिली तर मी कुठे उभी राहू?

१३ ऑक्टोबर

आज बाजार. पाऊस नसल्यामुळे जनावरं इतकी आलीत की बाजारतळ पुरत नाही. घेणारे कमी, विकणारे जास्त. चारा कुणाकडेच नाही.

सकाळी हे म्हणाले, 'कारभारींच्या बैलांचा फोटो काढायचाय. तू जा.'

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाहेरचं काम आजवर ह्यांचं. मी म्हटलं, बाजारात, हजार पुरुषांत? तर म्हणाले, 'रोलचा कॅमेरा घे. उजेड चांगला आहे. तुला जमेल.' आणि बाकावर बसून राहिले. आनंद झाला हे खोटं कशाला बोलू. पण मला घराबाहेर काढायची इतकी घाई का, हेही मनात आलंच. मी तिथे असताना इथे कोण येणार होतं?

कारभारी जेऊरच्या अलीकडचे, चांगले जमीनवाले. एक बैल पांढुरका, हरण्या. दुसरा तांबड्या. बरोबर त्यांची बायको साळूबाई. कारभारी म्हणाले, 'दावणीला काडी न्हाई, बाई. ठिवून उपाशी मारन्यापरीस इकलेले बरे. पर इकायच्या आदी एक फोटू पायजे.'

दोन्ही बैलांच्या मध्ये काठी घेऊन उभे राहिले. साळूबाईला बोलावलं तर ती आढेवेढे घेत हरण्याच्या मानेला हात लावून उभी राहिली. पण बैल काही मान वर करेनात. मी टाळ्या वाजवल्या, छत्री उघडून पाहिली, लोक हसायला लागले. शेवटी साळूबाईने जवळचं रिकामं टोपलं उचलून हलवलं, रोज वैरण घालताना हलवत असेल तसं. दोघांनी एकदम माना वर केल्या, कान पुढे. मी बटण दाबलं. त्याच क्षणी कारभारींनी तोंड फिरवलं असेल अशी मला भीती वाटली, पण नाही, तो गडी तसाच बघत राहिला.

निघताना साळूबाई हळूच म्हणाली, 'बाई, फोटोवाले मास्तर आमच्यावर रागावलेत का? परवा मी ह्या अंगानं आले, राम राम घातला, तर वळख न देता निगून गेले.'

मी म्हटलं, त्यांच्या डोक्यात कामं असतात. गेल्या महिन्यात वाण्याची बायकोही हेच म्हणाली होती. माणूस लोकांची नजर चुकवायला कधी लागतो, हे मला कुणी सांगायला नको.

२० ऑक्टोबर

आज माझी भर दुकानात शोभा झाली.

फोटो ह्यांनीच छापला आणि पाकिटात घालून ठेवला. कारभारी आले. बैल गेल्या बाजारीच विकले गेलेत. पाकीट उघडून कितीतरी वेळ बघत राहिले. मी वाट बघत होते की आता काहीतरी बरं बोलतील.

'बाई, हे माजे बैल न्हाईत.'

मी म्हटलं, अहो, मीच काढलाय.

'हरण्या उजव्या अंगाचा. सारी हयात मी त्याला उजवीकडं जुपला. हितं माज्या डाव्या हाताला हाय. डाव्या अंगाला त्यो पाऊल बी टाकायचा न्हाई.'

साळूबाई वाकून बघत होती. 'आन माजी नथ ह्या नाकात कशी?'

फोटो उलटा छापला होता. निगेटिव्हला एक गुळगुळीत बाजू असते आणि एक औषधाची. ती बाजू चुकली की डावं ते उजवं होतं. नवरा-नवरीच्या फोटोत कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण शेतकऱ्याला बैलाची बाजू म्हणजे चेष्टा नव्हे. ज्याचे बैल गेले आणि नुसता फोटो उरला, त्याच्या हातात आम्ही उलटे बैल ठेवले.

मी दुपारीच स्वतः दुसरा छापून दिला. पण ही चूक ह्यांची? मला लग्नाच्या पहिल्या वर्षी डार्करूममध्ये उभं करून ह्यांनीच शिकवलं होतं, की अंधारात बाजू ओळखायची तर फिल्मचा कोपरा ओठाला लावायचा. औषधाची बाजू किंचित चिकटते. तेव्हा लाजेने माझं अर्धं लक्ष नव्हतं, तरी आजवर माझी एक बाजू चुकलेली नाही. ज्याने हे शिकवलं तो लाल दिव्याच्या उजेडात उलटं छापतो?

संध्याकाळी विचारलं तर नुसते 'असं झालं होय' म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. माझा पहिला बाहेरचा फोटो, आणि नेमका तोच बिघडतो. मुद्दाम केलं. दुसरं काय समजायचं?

२६ ऑक्टोबर

ह्यांनी वाटणी सुरू केली आहे.

डार्करूममधल्या बाटल्यांच्या गळ्यात सुतळी बांधली आहे. चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या बाटलीला एक गाठ, ते पक्कं करणाऱ्या हायपोच्या बाटलीला दोन. फळीवरची जागाही बदलली. डेव्हलपर भिंतीकडे, हायपो दाराकडे, मध्ये विटेचा तुकडा. चिठ्ठ्या लावलेल्या आहेत की बाटल्यांना, माझ्याच अक्षरातल्या. मग खुणा कशाला? माणूस आपली चीजवस्तू कधी मोजून ठेवतो? कुणाला दाखवायची असते किंवा कुणाबरोबर न्यायची असते तेव्हा.

मी वीट उचलून बाजूला ठेवली तर केवढे ओरडले. आजवर ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मग स्वतःच आवाज उतरवून म्हणाले, 'जिथली वस्तू तिथेच असू दे. एवढं ऐक.'

हायपोच्या मागे एक चिमुकली बाटली सापडली. काचेची ड्रॉपरची. चिठ्ठी नखाने खरवडून काढलेली. वास नाही. फोटो रंगवायचा नवा रंग असावा. मला रंगवायला येतं, तरी माझ्यापासून लपवलाय. कुणाला शिकवणार आहेत?

कपाळावर टेंगूळ घेऊन आलेत. एसटीच्या दाराला लागलं म्हणाले. गेल्या पंधरवड्यात हे दुसरं. कुणाचा भाऊबिऊ तर भेटला नाही ना नगरला, असं मनात येऊन गेलं. मग शेक दिला. शेक द्यावाच लागतो.

३१ ऑक्टोबर

आली. रुमालवाली आली.

दुपारी एसटीतून उतरून सरळ दुकानात. पांढरं पातळ, पस्तिशीची असेल, चेहरा गोड आहे, खोटं कशाला बोलू. नाव शोभा. नगरला दवाखान्यात सिस्टर आहे म्हणाली, बदलीच्या अर्जासाठी फोटो हवा होता. नगरमध्ये फोटोवाले मेले होते का, असं ओठावर आलं होतं.

हे आतून आले, आणि आवाज ऐकल्याबरोबर ह्यांचा चेहरा उजळला. 'शोभाताई, आलात होय.' ताई म्हणायची पद्धत मला माहीत आहे. पुढे काय काय होतं तेही ऐकून आहे.

फोटो मी काढला. ती स्टुलावर बसली, पण बघत होती कॅमेऱ्याकडे नव्हे, माझ्याकडे. म्हणाली, 'सगळं तुम्हीच करता? धुणं, छापणंसुद्धा?' मी म्हटलं, हो. तर म्हणाली, 'बरं झालं. मला काळजी होती.' हिला कसली काळजी? माझ्या घरात येऊन, माझ्या स्टुलावर बसून?

चहा घेतला. जाताना दारात दोघं हळू आवाजात बोलली. मला दोनच वाक्यं ऐकू आली. ती म्हणाली, 'आता सांगून टाका त्यांना.' आणि हे म्हणाले, 'दिवाळी होऊ दे.'

म्हणजे दिवाळीनंतर मला सांगणार आहेत. मी रुमाल काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, तुमचा राहिला होता. ती मुळीच दचकली नाही, 'अय्या, हो की' म्हणाली. तयारीची बाई आहे.

३ नोव्हेंबर

हे लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मला भास झाला.

दुपारचं ऊन मागच्या खिडकीतून येत होतं. मी पाणी भरून आले तर हे खिडकीत पाठमोरे उभे. हातात निगेटिव्ह. तिची, शोभाची. सकाळीच मी धुऊन वाळत घातली होती, दुसरी कुठली नव्हतीच. ह्यांनी ती खिडकीपाशी धरली, मग अगदी जवळ आणली आणि ओठांना लावली. डोळे मिटून. एकदा लावून उलटी केली, पुन्हा लावली.

इतकी वर्षं झाली लग्नाला. माझा फोटो कधी हात लावून पुसला नाही.

मी घागर तशीच खाली ठेवली. आवाज झाला. हे म्हणाले, 'कोण?' मी समोर उभी असून 'कोण' म्हणाले. मी घागर उचलून चुलीपाशी नेली.

पाडवा

ओवाळायचं म्हणून ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात ह्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघितल्या. मोहरीएवढ्या. कॅमेऱ्याचं तोंड अगदी बारीक करून ठेवावं तशा. काहीतरी दडवणाऱ्या माणसाचे डोळे असेच होत असतील.

ओवाळणी ताटात घालायची ती ताटाबाहेर पडली, गडगडत चुलीपाशी गेली. माझ्याकडे लक्षच नाही तर दुसरं काय होणार? हे ओशाळून हसले. मी हसले नाही. सांगणार होते ते सांगितलंही नाही. मीही विचारलं नाही. विचारलं की खरं होईल.

१४ नोव्हेंबर

आज मी ह्यांच्या मागे नगरला गेले.

मागच्या दाराने चढले, डोक्यावरून पदर घेऊन शेवटच्या बाकावर बसले. मध्ये गर्दी झाली आणि कंडक्टरने लोकांना पुढे सरकवलं, तर मी ह्यांच्या बाकाशेजारीच येऊन उभी राहिले. माझं पातळ ह्यांच्या खांद्याला लागत होतं. आता धरली जाते असं वाटलं. हे एकदा माझ्याकडे वळले, माझ्यावरून नजर फिरली, आणि पुन्हा समोर. बायकोला ओळखेनासा झाला हा माणूस, इतकं मन दुसरीकडे.

नगरच्या स्टँडवर उतरून हे बराच वेळ उभे. एका माणसाला गाडीच्या पाटीबद्दल काहीतरी विचारलं. मोठी पाटी समोर लावलेली होती. वेळ काढत होते, कुणी ओळखीचं नाही ना ते बघत होते, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मग भिंतीच्या कडेकडेने, हात भिंतीला लावून, चोरासारखे चालत निघाले. कापडबाजाराकडे वळायचं, मालाचं दुकान तिकडे. हे वळले नाहीत.

मोठा रस्ता आला तिथे ती उभी होती. पांढऱ्या पातळात. हे थांबले. ती पुढे आली आणि तिने ह्यांचा हात धरला.

भर रस्त्यात. टांगे, सायकली, मालमोटारी, सगळं जग बघत होतं. ह्यांनी हात सोडवला नाही, उलट घट्ट धरला. आणि दोघं हळूहळू, एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. नवीन लग्न झालेलीसुद्धा अशी चालत नाहीत.

पुढे गेले नाही. कुठे जातात ते बघायची ताकद नव्हती. परतीच्या एसटीत बसून रडले. शेजारी शेळीचं पिल्लू घेऊन बसलेली एक म्हातारी होती. तिला वाटलं माझ्या घरी कुणी गेलं. तिने पाठीवरून हात फिरवला, पिल्लू माझ्या मांडीवर दिलं.

१९ नोव्हेंबर

काम करायचं. काम हातात आहे तोवर मला कोण हलवतं बघू.

कारभारी आणि साळूबाई आता खडी फोडायच्या कामावर जातात. बैल गेले, पेरणी नाही, करणार काय. साळूबाईने निरोप धाडला, की आमचा समद्या बायांचा फोटो काढा. हे म्हणाले, 'जा तू.' अर्थात.

गेले. खडीचे ढीग, त्यावर बायका, तोंडाला फडकी बांधलेली. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मला बघून सगळ्यांनी तोंडं पुसली, एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावलं. ह्या जेऊरच्या, त्या पांढरीपुलाच्या, काही कुणबी, काही वंजारी, एरवी एका ओळीत बसायच्या नाहीत. आज ढिगावर दाटीवाटीने बसल्या. साळूबाई मधोमध, हातोडी मांडीवर. मी म्हटलं, हसा की. कुणी हसेना. मग साळूबाई म्हणाली, 'बाई, बैलावानी टोपलं हलवा,' आणि सगळ्या एकदम हसल्या. तो क्षण मी पकडला. आजवर काढलेल्यांत हा सर्वांत चांगला आहे. कुणी सांगायची गरज नाही, आपल्याला कळतं.

जेवताना हे खोदून खोदून विचारत होते. कोण कुठे बसलं, उजेड कुठून होता, मध्ये कोण हसत होतं. मी सगळं सांगितलं. सांगताना विसरले की मी ह्यांच्यावर रागावले आहे. ह्यांना पडसं झालंय, घास धड लागत नव्हता, तरी ऐकत होते.

२० नोव्हेंबर

आज डार्करूम झाडली. सगळ्या गाठी सोडून टाकल्या. सुतळी बंबात घातली. बाटल्या मामंजींच्या वेळी होत्या तशा लावल्या, हायपो भिंतीकडे, डेव्हलपर दाराकडे. वीट अंगणात टाकली. फळी माझीसुद्धा आहे. ज्याला वाटणी हवी त्याने तोंडाने मागावी.

ह्यांना सांगितलं नाही. चिठ्ठ्या आहेत की बाटल्यांना, वाचाव्यात.

२१ नोव्हेंबर

दुपारी मी शेजारी पापडाच्या पिठाला गेले होते. परत आले तर डार्करूमचं दार लावलेलं. रोल ह्यांनी धुवायला घेतला होता. माझा खडीवरच्या बायकांचा रोल. मी दाराशी उभी राहिले, पण आता बोलून उपयोग नव्हता. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि ह्यांच्या शिंका.

हे बाहेर आले. ओली फिल्म दोन्ही हातांनी धरलेली. अंगणात आले, आभाळाकडे तोंड केलं, फिल्म उजेडात धरली आणि खालपासून वरपर्यंत बघितली. चांगलं काम झालं की पूर्वी चेहरा व्हायचा, तसा चेहरा.

'वा,' म्हणाले. 'बघ, साळूबाई मधोमध कशी हसतेय. उजेड छान धरलास.'

फिल्मवर काही नव्हतं. आधी हायपो ओतला गेला की सगळं धुऊन जातं, काच राहावी तशी नुसती पट्टी राहते. साळूबाई नव्हती, खडी नव्हती. फिल्मच्या आरपार मला आमचा कडुलिंब दिसत होता, आणि त्याच्या फांदीवर वाळत घातलेला ह्यांचाच सदरा.

हे तिथेच उभे होते, चेहरा माझ्याकडे नव्हे, माझ्या जरा बाजूला. वाट बघत होते.

'हो,' मी म्हटलं. 'हसतेय. छान आलंय.'

'नीट वाळत घाल,' म्हणाले आणि फिल्म माझ्या हातात द्यायला पुढे केली. माझा हात होता तिथून वीतभर बाजूला. मी हात तिथे नेला.

फिल्म ओठाला लावतात ती अंधारात. ह्यांनी लावली होती भर दुपारी, खिडकीतल्या उन्हात.

मी न्हाणीत जाऊन बसले. हरण्या डावीकडे का गेला, वाण्याच्या बायकोला राम राम का मिळाला नाही, टेंगूळ, पाडव्याची ओवाळणी, पाटी, भिंत, तो हात. सगळं एकापाठोपाठ येत होतं, आणि प्रत्येक वेळी मी तिथेच होते, समोर उभी होते. डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली मी. ती ड्रॉपरची बाटली उचलून वास घेतला मी. गाठी सोडून बाटल्या उलट लावल्या मी, पडशाने ह्यांना वाससुद्धा येत नव्हता तेव्हा. ती सिस्टर कुठल्या दवाखान्यात असते, एवढंच विचारायचं सुचलं नाही.

मग नवी सुतळी शोधली. डेव्हलपरला एक, हायपोला दोन. दार लावून, दिवा न लावता बांधल्या. हाताला लागतायत ना, बघितलं. अंगणातून वीट आणून पुसून मध्ये ठेवली.

२४ नोव्हेंबर

बाजार. मी सकाळी म्हटलं, साळूबाईच्या बायकांचा आणखी एक फोटो काढायचाय, पहिल्यात दोघी राहिल्या. तुम्ही पण चला. हे नको म्हणाले, बाजाराची गर्दी आहे. मी म्हटलं, कॅमेरा जड आहे. कॅमेरा जड नाही हे दोघांनाही माहीत आहे.

दारातून उतरलो आणि मी ह्यांचा हात धरला.

माझी सासू असती तर दारातच बेशुद्ध पडली असती. घोडेगावच्या बाजारात नवरा-बायको पाच हात अंतर ठेवून चालतात, बायको मागे. आणि आम्ही हात धरून, मी अर्धं पाऊल पुढे, मधोमध बैलांच्या रांगांतून. ह्यांनी आधी हात सोडवायला बघितला. मी सोडला नाही. मग ह्यांची बोटं हळूहळू सैल झाली, आणि मग घट्ट झाली.

'कधी कळलं?' हे म्हणाले.

'मंगळवारी.'

एका गोऱ्ह्याला वळसा घालून मी ह्यांना नेलं. मग म्हणाले, 'काचबिंदू म्हणतात त्याला. थेंबांनी बाहुल्या बारीक होतात, पण उरलंय तेवढं काही दिवस राहील, म्हणतात. कडेचं गेलंय, मधलं धूसर आहे. सांगणार होतो. पण तू सगळं काम हातात घेईपर्यंत थांबलो. आधी सांगितलं असतं तर कॅमेरा सोडून तू माझ्यामागे फिरली असतीस.'

मी म्हटलं, तशीही तुमच्यामागेच फिरले, पार नगरपर्यंत. ह्यांना समजलं नाही. सांगेन कधीतरी, आज नाही.

दोन्ही बाजूंना माणसं बोलायची थांबली होती. दलालाने सौद्यासाठी रुमालाखाली घातलेला हात तसाच राहिला. चहाच्या पालातली पोरं उठून उभी राहिली. वाण्याची बायको तराजूमागून मान लांब करून बघत होती. कारभारींनी आमच्याकडे पाहून पागोटं सारखं केलं.

'दमयंती,' हे हळूच म्हणाले, 'लोक बघतायत का गं?'

'छे,' मी म्हटलं. 'ज्याचं त्याचं लक्ष बैलांकडे आहे. डावीकडे चिखल आहे, इकडून या.'